माशांनी सोडलेली जागा

१

राजेहो, ही गोष्ट खरी आहे. मारोतीच्या पारावर हात ठेवून सांगतो, यातला एकूण एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. आता पार म्हणाल तर आमच्या गल्लीत मारोतीचा पार नाही; असता तर ठेवला असता हात. आणि डोळ्यांदेखत म्हणजे, मी तेव्हा वणीला साळ्याच्या लग्नात होतो. पण बळीरामनं मला सगळं सांगितलं, आणि बळीराम खोटं बोलणाऱ्यातला नाही. बियाण्याचं दुकान आहे, म्हणून पेरणीच्या तोंडावर थोडंफार बोलतो. ते धंद्याचं, त्याचं पाप लागत नाही.

तर घाटंजीचा हा बळीराम. घरात बायको कौसल्या, एकुलता एक गोपाल आणि गोपालची नवी नवरी रंजिता. रंजिता हर्णैची, थेट समुद्राकाठची. दोघं पुण्याला एका कंपनीत होते, तिथंच जमलं, लग्न झालं, आणि गोपाल बापाचं दुकान सांभाळायला तिला घेऊन परत आला. पोरगी गुणाची, पण आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विचारलं तर हसायची, आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची. त्या बाजूला मोबाईलचा टॉवर आणि जिनिंगचं पत्र्याचं छप्पर, दुसरं काय!

एकदा कौसल्यानं विचारलंच, "काहून वं बाई, करमत नाही काय?"

"करमतं हो आई. फक्त आवाज नाही ना इथं. आमच्या मागच्या दारी सारखी गाज असते. इथं कान रिकामे वाटतात."

बळीराम आतल्या खोलीत दाढी करत होता. त्यानं ऐकलं आणि वस्तरा खाली ठेवला. पोरगी रुळली नाही तर आज ना उद्या गोपालला घेऊन पुण्याला जाईल, किंवा एकटीच हर्णैला जाईल. तिची या घरात जागा झाली पाहिजे. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

२

दुसरा कुणी असता तर सुनेला महिनाभर माहेरी पाठवून मोकळा झाला असता. बळीरामनं ठरवलं, समुद्रच घरी आणायचा.

चार फूट लांबीची काचेची टाकी नागपूरहून आली. तिच्याखालचं लोखंडी स्टँड शेजारच्या शाहिदनं वेल्डिंग करून दिलं. शाहिद म्हणजे ठिणग्या कमी आणि तोंड जास्त.

"काका, घाटंजीत समुद्र आणून राह्यले तुमी. उद्या बंदर बांधसान. मंग त्याच्या वेल्डिंगचा ठेका मलेच द्या बरं."

"तू आंगल नीट लाव लेका. नाही तं पहिली लाट तुह्याच दुकानात येईन."

टाकी ठेवली समोरच्या खोलीत. याच खोलीत घराची पंगत बसायची. टाकीच्या समोरच्या भिंतीला लागून एका ओळीत चार बसकरं: खिडकीपाशी बळीराम, मग गोपाल, मग कौसल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी रंजिता. सून मागाहून जेवणार, हे बळीरामला चालायचं नाही. चौघं एकत्र बसणार, वाढणारीनंही वाढून लगेच बसायचं, हा त्याचा नेम होता.

प्लँटवरून शुद्ध पाण्याचे जार आणले, त्यात नागपूरच्या दुकानदारानं दिलेलं समुद्राचं मीठ कालवलं, दगडांच्या कमानी रचल्या. उन्हाळा लागला तसं फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगू लागल्या. पंप सुरू झाला तेव्हा रंजितानं डोळे मिटून ऐकलं.

"आली काय गाज?" बळीरामनं विचारलं.

"गाज नाही बाबा. कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतंय," ती म्हणाली आणि इतकी हसली की बळीरामला टाकीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

३

खरी परीक्षा मासे निवडायची. खाऱ्या पाण्यातले मासे गोड्या पाण्यातल्यांसारखे सोशिक नसतात. प्रत्येकाला आपली हद्द लागते. नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "भाऊ, मासा नका निवडू, शेजार निवडा."

बळीरामला हे एका झटक्यात समजलं. त्याचा जन्म दुसरं काय करण्यात गेला? "म्हणजे आंतरपीकच झालं की हे," तो कौसल्याला म्हणाला. "कपाशीत मूग खपते, तूर खपते. सूर्यफूल टाक, तं ते सगळ्यायच्या वाटचं पिऊन उभं राह्यते."

मग गोपालच्या मोबाईलवर फोटो पाहत चौघं बसले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी ठरली, कारण ती आपल्याच नादात राहते. वाळू चाळत फिरणारा गोबी ठरला, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताटलीसारखा चपटा पिवळा टँग ठरला. तो दिवसभर चरतो, त्याला भांडायला वेळ नसतो. निळा डॅमसेल मात्र बोटाएवढा असून टाकीभर मालकी सांगतो, म्हणून त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडायचं. गरिबाला आधी जागा धरू द्यायची आणि भांडखोराला मागून आणायचं, हा या धंद्यातला पहिला नियम.

डॅमसेलचा फोटो पाहून कौसल्या म्हणाली, "हे तं माही अमरावतीची जाऊच हाय. एवढीशी, पन कोपरा नाही सोडत."

"रंजिता, तू तं समुद्राची," गोपाल म्हणाला. "तू सांग ना काही."

"मला मासे फक्त कापता येतात. कुणाचं कुणाशी पटतं, ते आम्ही त्यांना कधी विचारलं नाही."

मासे आले, सोडले, आणि एकमेकांत खपले. पहिले काही दिवस घाटंजीतली अर्धी माणसं टाकी पाहून गेली. रंजिता त्यांना नावं सांगायची, पाण्यातल्या मिठाचं प्रमाण सांगायची. गच्चीवर जाणं तिनं सोडलं होतं.

४

सकाळचा चहा घेऊन बळीराम टाकीसमोर बसायचा. एका सकाळी त्याच्या ध्यानात आलं की पिवळा टँग सरळ जात नाही. उजवीकडून निघतो, डाव्या बाजूच्या कमानीपाशी येतो, तिथं वळसा घालतो आणि मग पुढं जातो. मधे काही नव्हतं, नुसतं स्वच्छ पाणी.

मग त्यानं बाकीचे पाहिले. क्लाउनची जोडी तसाच वळसा घेत होती. गोबी वाळू चाळत चाळत यायचा आणि एका रेषेवर थांबून मागं फिरायचा. रेषेपलीकडची वाळू तशीच पडलेली, कुणी तोंड न लावलेली. सगळ्यांनी मिळून एका पाटाएवढी जागा सोडली होती. डॅमसेलनंसुद्धा.

बळीराम काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बियाणं उगवलं नाही तर तो आधी ओल पाहतो. पंपाचा झोत तिथं पडत असेल, म्हणून त्यानं खाद्याची चिमूट नेमकी तिथं सोडली. ती सरळ, सावकाश खाली गेली. झोत नव्हता. माशांनी ती पाहिली आणि एकानंही तोंड घातलं नाही.

दुकानदाराला फोन केला. "दगडाच्या भोकातून एखादं खेकडं-बिकडं आलं असंन," तो म्हणाला. "दगड काढून झटका."

बळीरामनं कमान काढली, बादलीत बुचकळली, उलटी धरून झटकली. वाळूचे चार कण पडले. कमान पुन्हा लावली. मासे परतले आणि जागा सोडून फिरू लागले.

कौसल्या फडक्यानं काच पुसता पुसता म्हणाली, "यष्टीत रुमाल टाकल्यावानी जागा धरून ठेवली या माशायनं. कोन येनार हाय कोन जाणे."

सगळे हसले. बळीरामही हसला. पण त्या दिवसानंतर त्याला ती जागा रिकामी दिसेना. धरून ठेवलेली दिसू लागली.

५

रंजिताला आणखी एक मासा हवा होता. पुढचं अंग पांढरं, शेपटीकडे विस्तवासारखा लाल होत गेलेला फायरफिश. स्वभावानं भित्रा, पण बळीराम नाही म्हणू शकला नाही. तिनं या घरात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

नेमकं व्हायचं तेच झालं. डॅमसेलनं त्याला पहिल्याच दिवशी पिटाळून लावलं. फायरफिश जीव घेऊन पळाला आणि त्या सोडलेल्या जागेपाशी येऊन अडला. मागं डॅमसेल, पुढं मोकळं पाणी. तरी तो पुढं गेला नाही. पाठीवर चावे खात तिथंच थरथरत राहिला.

दुकानदारानं तोड सांगितली. "दगडं हलवा. जुनी रचना मोडली की सगळेच नवे होतात. कोणाची कुठली जागा, हे कोणालेच आठवत नाही. मंग नवा आपसूक खपतो."

हा जुना, मान्य उपाय आहे. मत्स्यपालनवाले सगळे करतात. बळीरामनं दुपारीच बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात घालून सगळी रचना मोडली. कमान उजवीकडे, सपाट दगड डावीकडे. पाणी गढूळ झालं. तेवढ्यात कौसल्यानं ताटं घेतली.

"आवो, हात धुवा अन् बसा. वरन निवून राह्यलं."

तो खिडकीपाशी बसला. हाताला अजून खारट चिकटा होता. पहिला घास मोडताना त्यानं वर पाहिलं. गढूळ पाण्यातून मासे पुढं आले होते. सगळेच्या सगळे, काचेला तोंड लावून, शेजारी शेजारी. खोलीकडे पाहत. आणि त्यांच्या मागं पाणी हललं. बसलेलं माणूस गुडघ्यावर हात टेकून उठतं ना, तसं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ताटावर बसलो आणि दारात कुणी दिसलं, तर माणूस ओळखीचा की परका हे पाहायच्या आधी जीभ बोलून जाते. विचार नाही करत कुणी.

"या, जेवाले या," बळीराम म्हणाला.

कौसल्यानं दाराकडे पाहिलं. "कोन आलं?"

"कोनी नाही. जीभ बोलून गेली."

"टाकीले बोलावून राह्यले काय? पोळी वाढू त्यायले?"

गोपाल हसला. बळीरामनं पुन्हा टाकीकडे पाहिलं तेव्हा पाणी निवळलं होतं. मासे सगळीकडे पांगले होते. डावीकडेही, उजवीकडेही, वर, खाली. कुणी वळसा घेत नव्हतं. टाकीत आता कुठेही सोडलेली जागा नव्हती.

बळीरामला बरं वाटलं. त्या दुपारी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

६

पहिल्यांदा काय बदललं, हे त्याला नक्की सांगता येत नाही. बहुतेक बसकरंच.

त्याच्या आणि गोपालच्या बसकरात अंतर पडू लागलं. तो जेवायला यायचा तेव्हा गोपाल आधीच पलीकडे सरकून बसलेला असायचा. गोपाल सरकला की कौसल्या सरकायची, आणि कौसल्या सरकली की रंजिताचं बसकर दाराच्या उंबऱ्याला टेकायचं. कौसल्यानं एकदा पाच ताटं घेतली. बळीरामनं पाहिलं, तिनंही पाहिलं, आणि पाचवं ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. मग ते कुणी उचलेना. त्यात कुणी वाढत नव्हतं. पण धुवायला मात्र सगळी पाचही निघायची.

खोलीतून जाताना सगळे वळसा घेऊ लागले. कौसल्या केर काढता काढता एका रेषेवर थांबायची आणि मागं फिरायची. तिथल्या फरशीवर पांढरी कड उमटली होती, पाणी वाळून मीठ उरतं तशी. टाकीचं पाणी उडत असेल, बळीरामनं मनाशी म्हटलं. मग त्यानं टाकीपासून तिथवरची फरशी हात फिरवून पाहिली. मधली फरशी कोरडी होती, आणि हाताला मीठ लागत नव्हतं.

शाहिद पंप पाहायला आला होता. जेवणाचीच वेळ, म्हणून बळीरामनं त्याला बोलावलं.

"बस ना बापा, उभा काहून?" गोपाल आणि आपल्यामधली मोकळी जागा दाखवत तो म्हणाला.

शाहिद दोन पावलं आला आणि थांबला. त्याचं तोंड कधी बंद नसायचं, ते बंद झालं. "नको काका," तो मग हळूच म्हणाला. "कोनी बसलं असंन तिथं, उगाच..." आणि स्वतःच चमकला. "म्हणजे, मी जेवून आलतो." पान्हे तिथंच टाकून तो गेला.

गोपाल मान खाली घालून जेवत होता. कौसल्याही. "ऐकलं काय वं, काय म्हणला तो?" बळीरामनं विचारलं.

"काय?" कौसल्या म्हणाली, आणि उगाच अंग चोरून घेतलं, बसमध्ये शेजारी जाडा माणूस असल्यावर घेतात तसं.

७

फायरफिश मेला तो पाण्यात नाही. त्याला कुणी मारत नव्हतं आता. फक्त तो जिथं जाई तिथं कुणीतरी आधीच असायचं. शेवटी तो पाणी आत येणाऱ्या नळीमागे उभा राहू लागला, आणि एका दुपारी त्यानं उडी मारली. बळीरामला तो दारापाशी सापडला, वाळून कागदासारखा झालेला.

त्याला उचलून घेतानाच त्याची नजर दारातून आत स्वयंपाकघरात गेली. रंजिता ओट्यापाशी उभी राहून जेवत होती. ताट हातात. ती पंगतीत नसते, हे तोवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बेटा, आत काहून? सगळे बसले ना तिकडं."

"असू दे बाबा. मला चालतं इथं."

"कवापासून जेवून राह्यली अशी?"

रंजितानं हातातला घास ताटात परत ठेवला. "मला कुणी उठवलं नाही हो. आई चांगल्या आहेत, गोपालही. मी बसायला येते आणि जागाच नसते." मग ती पाठमोरी झाली. "परवा हर्णैला जाते म्हणते. परत यायचं की नाही, ते तिथं गेल्यावर बघीन."

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. बॅग भरलेली दिसत होती.

मेलेला मासा बळीरामच्या तळहातावर होता. मागून आलेला भित्रा. टाकी भरली की आधी तोच कडेला जातो. हे त्याला दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तो मान डोलावून हो हो म्हणाला होता.

८

त्यानं रंजिताचा हात धरून तिला बाहेर आणलं. पंगत बसलेली होती.

"ये, माह्या जाग्यावर बस," तो म्हणाला, आणि स्वतः त्या मोकळ्या जागेत, पाचव्या ताटासमोर मांडी घालून बसला.

बूड टेकताच गारठा चढला. धोतर ओलं झालं. पण बळीरामला आठवतो तो गारठा नाही. त्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी सरकलं. धक्का नाही, ढकलणं नाही. पाहुणा कसा, यजमान आला की अदबीनं बूड उचलून जागा करून देतो, तसं. फरशीवरची पांढरी कड एक वीत पुढं गेली. गोपाल घास चावत चावत पलीकडे सरकला. मग कौसल्या सरकली. तिच्या लुगड्याचा काठ कशाखाली तरी दबला होता, तो तिनं न पाहता ओढून घेतला. ती आता उंबऱ्यात बसली होती. आणि खिडकीपाशी बळीरामची जागा मोकळी व्हायला हवी होती, तर तिथं भिंतच आली होती. रंजिता उभीच राहिली.

टाकीतले मासे काचेला तोंड लावून होते.

बळीरामनं तेव्हा हिशेब सोडला आणि रीत धरली. जेवायला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायचा शब्द आपल्या बोलीत नाही. शिवी आहे, पण ती त्यानं तोंडातून काढली नाही. पाहुण्याला एकाच तऱ्हेनं बाहेर काढता येतं: आपण उठायचं आणि त्याला पोचवायला निघायचं.

तो उठला. डाव्या बाजूला पाहत म्हणाला, "झालं असंन तं चाला. वाटेपर्यंत पोचवून देतो."

पायात चपला घालून तो अंगणात उतरला आणि मागं न पाहता दुकानाकडे निघाला. त्याच्या मागं फरशीवर ओली पावलं वाजली, मग मातीत वाजली. दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत ती आली. घरी रंजिता बसली, पोटभर जेवली, आणि संध्याकाळी तिनं बॅग रिकामी केली. ती अजून घाटंजीतच आहे. बळीराम दुकानातच राहतो, तिथंच जेवतो. कुणी विचारलं तर गोदामाची राखण म्हणतो.

९

आता यातलं खोटं तेवढं सांगून टाकतो. मासे खरे, मीठ खरं, शाहिदचे पान्हे त्या घरात अजून पडून आहेत. रंजिता राहिली हेही खरं. चांगली रुळली ती, हसते, बोलते.

ओली पावलं मात्र मी जोडली. बळीरामच्या मागं कुणी आलं नाही. आणि मागं न पाहता निघाला, हेही माझंच. अंगणात उतरल्यावर त्यानं वळून पाहिलं होतं. दारातून टाकीची काच दिसत होती, आणि काचेत समोरची पंगत. तो स्वतः अंगणात, तरी खिडकीपासून उंबऱ्यापर्यंत चौघं बसली होती, मांडीला मांडी लावून, माना खाली घालून जेवत होती. आणि आता कुणीही सरकत नव्हतं.